डॉक्टरसाहेब, याले बिस्कीट चालते का?

आमच्या दवाखान्यात औषधं संपतात, सुया संपतात, उन्हाळ्यात पाणीसुद्धा संपतं. किस्से मात्र आजवर कधी संपले नाहीत. एक सांगून होत नाही तोवर फाटकातून दुसरा कुणीतरी कुत्रं घेऊन आत येतो.

मी वर्धा जिल्ह्यात देवळीकडच्या एका जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. जनावरं म्हणजे गाय, बैल, म्हैस, बकरी. कॉलेजात कुत्र्याचाही पेपर होता, पण तो मी कसाबसा काढला आणि पुढची वीस वर्षं माझे हात गाईबैलांतच राहिले. आता मात्र दर तिसऱ्या घरी पट्ट्याचं कुत्रं आलंय. त्यांचे मालक येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टरसाहेब, याले हे चालते का?" 'हे' म्हणजे पुड्यातलं, पाकिटातलं, डब्यातलं, जे काही माणसं चहासोबत खातात ते. या एका प्रश्नानं माझी जेवढी फजिती केली, तेवढी लाथ मारणाऱ्या म्हशींनीही केली नाही.

दवाखान्यात माझ्याबरोबर किसनाभाऊ असतात. ते ड्रेसर. म्हणजे मलमपट्टीपासून बैल आडवा पाडण्यापर्यंत सगळं काम त्यांचं. सही तेवढी माझी. ते फार बोलत नाहीत, आणि बोलतात तेव्हा मी तिथे नसतो तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

*

वर्ध्याहून एक शिक्षिका यायच्या. त्यांचा पांढरा, केसाळ, छोट्या जातीचा पॉमेरेनियन, म्हणजे पॉम, नाव सोनू. सोनूला उलट्या, पोट दुखतंय, हात लावू देत नाही. मी डॉक्टरी चेहरा करून विचारलं, "काय खातो?"

"काहीच खात नाही हो."

मी वजन केलं. साडेअकरा किलो! काहीच न खाणारा पॉम साडेअकरा किलोचा होतो, हे आमच्या पुस्तकात कुठेच नव्हतं. मी पुन्हा विचारलं, मग आवाज चढवून विचारलं. बाई त्याच उत्तरावर ठाम. मग माझ्या डोक्यात एकेक दुर्मीळ आजार यायला लागले. कुठल्या ग्रंथीचा विकार असेल, नागपूरला पाठवावं लागेल, असं मी मोठ्यानं बोलायला सुरुवातही केली.

किसनाभाऊ कोपऱ्यात कापूस गुंडाळत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "ताई, तुम्ही चायसोबत काय खाता?"

"गोरसपाक. आपलं वर्ध्याचं बिस्कीट."

"आन् हा कुठी राह्यते तवा?"

"मांडीवर."

"मंग कसं करता?"

बाई म्हणाल्या, "मी एक खाते, तो चार खातो. पण ते काही खाणं नाही हो, ते चहासोबतचं आहे."

मी घसा साफ करून त्यांना समजावलं. इतकं तूप आणि साखर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला झेपत नाही, सूज येते, जिवावर बेतू शकतं. चार दिवस फक्त मऊ भात आणि पाणी. बाईंना फार वाईट वाटलं. जाता जाता त्या म्हणाल्या, "पण डॉक्टर, शुद्ध तुपातलं असतं ते."

*

त्या दिवशी मी ठरवलं की पाटी लावायची. पेंटर बोलावला आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं: 'कुत्र्यांना खालील पदार्थ देऊ नयेत.' खाली चॉकलेट, केक, क्रीमची बिस्किटं, चिप्स, कांदा-लसूण घातलेला चिवडा, मनुका. मी दोनदा लांब जाऊन पाटी वाचली. तालुक्यातल्या कुत्र्यांचा प्रश्न मी एकट्यानं सोडवला, अशी माझी समजूत झाली.

आठवड्यानं एक शेतकरी आला. चांगला वाचणारा माणूस. त्यानं सगळी पाटी बोट लावून वाचली, मग समाधानानं माझ्याकडे वळला. "साहेब, सांबारवडी नाई लिवली. म्हंजे चालते."

मी पेंटर पुन्हा बोलावला. सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची तळलेली वडी, यादीत वाढली. मग एक जण आला, त्यानं सोनपापडी दिली होती. सोनपापडी वाढली. मग लोणचं, मग नूडल्सचा मसाला, मग टूथपेस्ट, कारण एकानं ती पोळीला लावून दिली होती, तोंडाचा वास जावा म्हणून. शुगर-फ्री च्युइंगमसुद्धा लिहिलं, कारण त्यात साखरेऐवजी जे घालतात त्यानं कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. पाटी खाली खिडकीपर्यंत आली. लोकांना ती मिठाईच्या दुकानातल्या यादीसारखी दिसायला लागली आणि दोन बायका तर तिथेच उभ्या राहून दिवाळीला काय करायचं ते ठरवून गेल्या.

शेवटी किसनाभाऊ म्हणाले, "साहेब, काय देऊ नये ते काऊन लिवता? काय द्याचं ते लिवा. दोन ओळीत होते."

हे त्यांना पहिल्याच दिवशी सुचलं होतं, असं नंतर कळलं. पेंटर त्यांचा साळा होता.

*

आमच्या एसटी स्टँडवर एक काळा कुत्रा आहे. पूर्ण काळा, एकही पांढरा केस नाही. त्यामुळे आजूबाजूच्या दहा गावांत ज्याला ज्याला साडेसाती आहे, तो शनिवारी त्याला शोधत येतो. काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी द्यायची, अशी रीत. आता पोळी करून आणायला वेळ कुणाला? म्हणून लोक स्टँडवरच्याच टपरीवरून फरसाण घेतात, क्रीमचं बिस्कीट घेतात आणि शनिमहाराजांचं नाव घेऊन त्याच्यापुढे ठेवतात. बाकीचे सहा दिवस तो ते पचवत पडलेला असतो.

एका शनिवारी मी त्याला तपासलं. पोट जमिनीला टेकायला आलेलं, श्वास फुललेला. मला राहवलं नाही. मी तिथेच उभा राहून लोकांना समजावायला लागलो. हे पाकिटातलं नका देऊ, मीठ असतं, तळलेलं असतं, मरेल तो. लोकांनी शांतपणे ऐकलं. एक म्हातारा, हातात फरसाणचा पुडा, अगदी नम्रपणे म्हणाला, "तुमचं बराबर हाये साहेब. पन मंग माह्या शनीचं काय करू?"

हे अभ्यासक्रमात नव्हतं. मी स्टेथोस्कोप गुंडाळला आणि निघालो.

पुढं काय झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतोच. त्याच महिन्यात माझी बदली गडचिरोलीला होणार अशी बातमी आली. माझी बायको सुनंदा कुणाला तरी पत्रिका दाखवून आली. शनिवारी सकाळी तिनं माझ्या हातात कागदात बांधलेली पोळी दिली. मी स्टँडच्या मागच्या बाजूनं गेलो, इकडेतिकडे पाहिलं आणि वाकलो. उभा राहिलो तर समोर किसनाभाऊ, हातात पेपर.

मी म्हणालो, "घरची पोळी आहे. पाकिटातली नाही."

ते म्हणाले, "मी कुठी काय म्हनलो?" आणि पेपर उघडून वाचायला लागले. पेपर उलटा होता.

बदली रद्द झाली. तेव्हापासून मी स्टँडवर भाषण देत नाही.

*

तळेगावला, म्हणजे श्यामजी पंतांच्या तळेगावला, माझा एक कॉलेजचा मित्र शाळेत मुख्याध्यापक आहे. त्यानं मला मुलांपुढे बोलायला बोलावलं. विषय माझ्या आवडीचा: 'पाळीव प्राण्यांचा आहार'. मी तासभर बोललो. पाकिटातल्या पदार्थांत मीठ किती, साखर किती, रंग कोणते, त्यानं कुत्र्याची किडनी कशी जाते, दात कसे जातात, वजन कसं वाढतं. बोलताना मलाच माझं कौतुक वाटत होतं.

भाषण संपलं. मुलांना खाऊ वाटला: एकेक केकचं पाकीट आणि चिप्स. मला स्टेजवर बशीत तेच आणून दिलं. भूक लागली होती. मी केकचा मोठा घास घेतला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक पोरगी उभी राहिली. पाकीट हातात, अजून न फोडलेलं. "सर, हे कुत्र्याले चालत नाई, तं आमाले काऊन देऊन राह्यले?"

सगळी शाळा माझ्याकडे पाहत होती. मित्रानं छताकडे पाहिलं. माझ्या तोंडात केक होता, तो बाहेरही काढता येईना आणि गिळताही येईना. मी हातानंच तिला बसायची खूण केली. ती बसली नाही. उत्तराची वाट पाहत उभी राहिली, आणि मी चावत राहिलो.

*

एकदा दुपारी एक जण कुत्र्याला खांद्यावर टाकून धावत आला. मागं त्याची मुलगी रडत. तिच्या वाढदिवसाचा चॉकलेटचा अख्खा डबा टायगरनं खाल्ला होता. आता हे खरंच काळजीचं. चॉकलेटमधला कोको कुत्र्याच्या हृदयावर जातो. मी सलाइनची तयारी करायला सांगितली, उलटी करवली, आणि म्हटलं, डबा आणा, कोको किती ते पाहू.

डबा आला. मी बारीक अक्षरं वाचली. पुन्हा वाचली. साखर, वनस्पती तूप, रंग, वास. कोको नावापुरता.

मी आनंदानं म्हणालो, "घाबरू नका. यात चॉकलेट जवळजवळ नाहीच!"

मुलगी हसली. टायगरनं शेपूट हलवलं. बाप मात्र लालबुंद झाला. "म्हंजे दुकानदारानं मले फसवलं?" आणि कुत्रं टेबलावर तसंच सोडून तो दुकानदाराकडे भांडायला निघून गेला. टायगरला आणि मुलीला घरी पोचवायला मीच गेलो.

*

आता शेवटचा. हा मी सहसा कुणाला सांगत नाही.

माझे बाबा सिंदी रेल्वे या गावी एकटे राहतात. आई जाऊन तीन वर्षं झाली. आमच्याकडे या म्हटलं तर येत नाहीत. सोबतीला शेरू, गावरान कुत्रा, वय झालेलं. आई होती तेव्हा दर रविवारी ती गावरान कोंबडीचा रस्सा करायची, आणि गल्लीच्या टोकापर्यंत वास जायचा. आई गेली आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी माळ घातली. म्हणाले, तिच्या हातचं नाही तर आता कोणाच्याच हातचं नको. तेव्हापासून अंडंसुद्धा नाही.

त्यांचा दिवस खरा सुरू व्हायचा तो दुपारी चार वाजता. चहा, सोबत बिस्कीट नाहीतर टोस्ट. पहिला तुकडा शेरूला, दुसरा स्वतःला. हे आमच्या घरचं जुनंच. आई पहिल्या भाकरीचा तुकडा कुत्र्याला टाकल्याशिवाय कुणाला वाढत नसे.

गेल्या वर्षी शेरू आजारी पडला. तेच, स्वादुपिंड. मी तीन दिवस सिंदीला राहून सलाइन लावलं. तो वाचला, पण मला भीती वाटली. शेरू गेला तर बाबा त्या घरात कुणाशी बोलणार? मी त्यांना समोर बसवलं आणि ज्या आवाजात मी पाटी लिहिली होती त्याच आवाजात सांगितलं: बिस्कीट बंद, टोस्ट बंद, शेव बंद. माणसाचं पुड्यातलं काहीही त्याला चालत नाही.

बाबा म्हणाले, "बरं."

महिन्याभरानं शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबा चारला नुसता चहा पितात, रात्रीही अर्धी पोळी टाकून उठतात. सदरा अंगावर लोंबतोय. मी बाबांना फोन केला. आधी काही नाही म्हणाले. मग म्हणाले, "तो तोंडाकडे पाहून राह्यते. त्याच्यासमोर मी एकटा कसा खाऊ?"

कुत्र्याचं पथ्य मी सांगितलं होतं आणि बाप वाळत चालला होता. हे असं होईल हे मला सुचायला हवं होतं.

मग मला शास्त्रीय उपाय सुचला. नागपूरहून खास कुत्र्यांची बिस्किटं आणली. चांगली, महागातली. मुंग्या लागू नयेत म्हणून पुडे फोडून आईच्या स्टीलच्या डब्यात ओतली आणि बाबांना सांगितलं, हे शेरूचं. तो हे खाईल, तुम्ही तुमचं खा. दोन महिन्यांत काकूंचा फोन: बाबा चांगलं खातात, गालावर मांस आलं. शेरूचं वजनही बरोबर. मी दवाखान्यात किसनाभाऊंना बसवून सगळं सांगितलं. नीट विचार केला की मार्ग निघतो, वगैरे.

एका रविवारी न कळवता सिंदीला गेलो. चार वाजले होते. बाबा ओसरीवर बसलेले, शेरू पायाशी. बाबांनी डब्यातून एक बिस्कीट काढलं, मोडलं. अर्धं शेरूला दिलं. अर्धं चहात बुडवलं आणि तोंडात टाकलं.

मी ओरडलोच. "बाबा, ते कुत्र्याचं आहे!"

"मले माहीत हाये."

"मग तुम्ही काऊन खाऊन राह्यले?"

बाबांनी शांतपणे घोट घेतला. "माह्यातलं त्याले चालत नाई म्हनला तू. त्याच्यातलं मले चालत नाई, असं कुठी म्हनला?"

आजवर लोकांनी मला एकच प्रश्न विचारला. हा उलटा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी त्यांच्याशेजारी बसलो. त्यांनी मलाही एक देऊ केलं. मी घेतलं नाही.

घरी आल्यावर मात्र मनात किडा वळवळायला लागला. डबा भरला तेव्हा पिशवीतून परत आलेला एक रिकामा पुडा कपाटात राहिला होता. तालुक्याला पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला सांगणाऱ्या डॉक्टरनं तो पहिल्यांदाच नीट वाचला. पहिलाच शब्द चिकन. दुसरा, चिकनचं काळीज.

दोन महिने. रोज चार वाजता. गळ्यात माळ असलेला माणूस.

सुनंदा म्हणाली, काही सांगू नका, त्यांना सहन होणार नाही. किसनाभाऊंना विचारलं. त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला. मग म्हणाले, "पाप तुमचं हाये साहेब. त्याईचं नाई." एवढ्यानंच मला जरा बरं वाटलं.

मी नागपूरला गेलो. दुकानात उभं राहून अख्खा पुडा वाचला, दुकानदाराकडून दोनदा खात्री करून घेतली. मांस नाही, अंडं नाही. फक्त दूध आणि ओट्स. सिंदीला जाऊन बाबा मंदिरात गेलेले पाहून डबा रिकामा केला, घासला, नवी बिस्किटं भरली. कुणाला काही कळलं नाही.

दहा दिवसांनी बाबांचा फोन आला. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरलो.

"शेरू बरा आहे ना बाबा?"

"त्याले काय झालं? तो खाते." मग म्हणाले, "मी नाई खात."

"काऊन?"

"काही दम नाई या बिस्किटाईत. येतांनी मागचेच आणजो." पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. "काऊन कोन जाने दिलीप, ते चायमंधी बुडवून खाल्लं का तुही माय आठवे. रविवारची."